चौकातला समाधानी ग्राहक

आपल्याला खाज आहे हे मडिवाळप्पांना सोमवारी सकाळी कळलं. तेही चौकातून.

ते दूध आणायला निघाले होते. विजापूर वेशीजवळच्या चौकात आले, सहज वर बघितलं, तर दोन खांबांना बांधलेल्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर त्यांचाच चेहरा. डोळे मिटत आलेले, तोंड वेडंवाकडं, आणि उजवा हात मानेत असा रुतलेला की बघणाऱ्यालाही खाजवावंसं वाटावं. शेजारी लाल अक्षरं: ‘जुनाट खाज? सोडा लाज! खाजकाळ मलम. लावा आणि विसरा.’ त्याखाली, जणू त्यांच्याच तोंडचं: ‘कितीतरी वर्षं खाजवत होतो. आता शांत झोपतो. एक समाधानी ग्राहक, सोलापूर.’

मडिवाळप्पा दूध न घेताच घरी परतले. त्यांच्या आधी बातमी पोचली होती.

“इतकी वर्षं संसार केला,” त्यांची बायको जगदेवी म्हणाली, “मला कधी बोलला न्हाईत.”

“अय्यो, काय बोलायचं? मला खाज न्हाईच की!”

“मग चौकात कशाला सांगितलात?”

दुसऱ्या कुणाचा चेहरा असता तर लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण मडिवाळप्पा शेंगाचटणी करून विकत. दगडी उखळात दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं घालून तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरला ते शिवतही नसत. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं होतं, ‘हाताने कुटलेली’. आता लोक ती पाटी वाचत, मग त्यांच्या हाताकडे बघत, मग चौकाच्या दिशेने बघत आणि पुढे जात.

विजयमालाबाई मात्र थांबल्या. त्या दर जत्रेला पुण्याच्या पाहुण्यांसाठी पिशवीभर चटणी नेत.

“यंदा नको हो,” त्या दुकानाच्या पायरीवर न चढताच म्हणाल्या. आवाज समोरच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल असा. “पाहुण्यांना जरा त्वचेचं वगैरे... तुम्ही समजून घ्या.”

“ताई, मला काय बी झालं न्हाय.”

“नाहीच हो. शांत झोपता ना आता? वाचलं मी.”

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. मडिवाळप्पांचं वर्ष त्या जत्रेवर चालायचं. जत्रेसाठी पोती भरून शेंगदाणे घेतलेले, त्यातले बरेच भाजूनही झालेले. भाजलेला दाणा काही थांबत नाही, खवट होतो. चटणी विकली गेली नाही तर पुढच्या सालचे दाणे कशातून घ्यायचे, हा प्रश्न मडिवाळप्पांनी कुणाला बोलून दाखवला नाही. ते नुसतेच उखळापाशी बसून राहिले.

शेजारच्या घरातली नाजनीन नववीत होती. शाळेतून आल्या आल्या ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला.

“अप्पा, तो फोटो मी काढलाय.”

“ठाऊक हाय की. चांगला काढलास. म्हणून तर त्यांनी उचलला.”

आमच्याकडे वाढदिवस केक कापल्याने पुरा होत नाही, चौकात फ्लेक्स लागल्याने होतो. गल्लीच्या मंडळाने मडिवाळप्पांची साठी तशीच साजरी केली होती. गळ्यात झेंडूचा हार घातला, हाराचे देठ मानेला टोचले, त्यांनी हात वर नेला आणि त्याच क्षणी नाजनीनने मोबाईलवर बटण दाबलं. बाकीच्या फोटोंत ते पासपोर्ट काढायला बसल्यासारखे दिसत होते. हा एकच जिवंत होता. तिनेच हट्ट धरला की फ्लेक्सवर हाच हवा. ‘साठी बुद्धी नाठी’ अशा ओळीखाली तो चार दिवस चौकात लागला, सगळे पोट धरधरून हसले, मडिवाळप्पा सर्वांत जास्त. नंतर फ्लेक्स उतरला आणि कुणाच्या तरी कडब्यावर झाकायला गेला. फोटो मात्र फ्लेक्स छापणाऱ्या गुफरानच्या कॉम्प्युटरात राहिला.

नाजनीन तडक गुफरानकडे गेली. तो खुर्चीवर पाय घेऊन एका पुढाऱ्याचे केस काळे करत बसला होता. म्हणजे फोटोतले.

“गुफरानभाई, अप्पांचा फोटो तुम्ही मलमवाल्याला का दिला?”

“मी कुटं दिला? महेश्वरशेठ आले, म्हणाले, खाजवणारा माणूस पायजे, आपल्यातला दिसणारा. मी ‘खाजवणे’ म्हणून शोधलं तर इंटरनेटवर सगळे गोरे लोक. एक तर माकडच होतं. मग अप्पा आठवले. काय फिट बसले की!”

“पण विचारायचं तरी!”

“कुणाला विचारू? माझ्या कॉम्प्युटरात होता म्हणजे माझाच झाला की गं.”

“माझी सायकल तुमच्या दारात लावली तर तुमची होईल?”

गुफरानने पुढाऱ्याच्या एका मिशीला काळा रंग दिला आणि विचारात पडला. “तसं बघायला गेलं तर,” तो म्हणाला, “न्हाई होणार.” पण फ्लेक्स उतरवायला तो तयार होईना. “पैसे शेठनी दिलेत. त्यांना विचार.”

नाजनीनची यास्मीनफुफू, म्हणजे तिच्याच घरात राहणारी आत्या, वकील होती. कोर्टातून दमून येऊन ती चहात बेकरीचं बटर बुडवत बसली होती. नाजनीनने एका दमात सगळं सांगितलं. फुफूने बटर पूर्ण खाल्ल्याशिवाय तोंड उघडलं नाही. ती कधीच घाई करत नसे.

“आता नीट ऐक. फोटो कुणी काढला?”

“मी.”

“पैसे घेऊन कुणासाठी काढून दिलास?”

“नाही. असाच.”

“मग फोटो तुझा. तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने धंद्यासाठी वापरायचा नाही. आता त्यात चेहरा कुणाचा?”

“अप्पांचा.”

“मग चेहरा त्यांचा. त्यांना न विचारता तो मलमाला चिकटवायचा नाही. आणि खाज कुणाची?”

नाजनीनने नकळत मान खाजवली.

“खाज कुणाचीच नाही!” फुफू म्हणाली. “ज्याने मलम कधी लावलं नाही त्याच्या तोंडी ‘मी बरा झालो’ घालायचं, ही लोकांची दिशाभूल. एका फ्लेक्सवर तीन भानगडी. मी नोटीस धाडते. पण नोटिशीला उत्तर येणार, त्यावर माझं उत्तर जाणार. तोवर जत्रा उठेल.”

“मग?”

“आधी जाऊन सरळ बोला. पुष्कळ माणसांना आपण चुकतोय हे कुणी सांगितलेलंच नसतं.”

मंगळवारी संध्याकाळी नाजनीन मडिवाळप्पांना घेऊन महेश्वरशेठच्या दुकानात गेली. दुकानात मलमाच्या डब्यांपेक्षा महेश्वरशेठचे फोटो जास्त होते. गणपतीला नमस्कार करणारे, वह्या वाटणारे, झाडाला पाणी घालणारे. येत्या निवडणुकीत त्यांना उभं राहायचं होतं आणि झाडाला पाणी घालताना ते झाडाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होते.

“या, या! आमचे स्टार आले!” शेठ मडिवाळप्पांना म्हणाले. “अहो, फ्लेक्स काय चाललाय! लोक थांबून बघाल्यात.”

“थांबून बघाल्यात आणि माझ्या दुकानासमोरनं पळाल्यात,” मडिवाळप्पा म्हणाले. “शेठ, तेवढा काढा की.”

“असं कसं? अहो, प्रसिद्धी हाय ती. लोक त्यासाठी पैसे मोजतात, तुम्हाला फुकट मिळाली.”

नाजनीन याचीच वाट बघत होती. तिने मोबाईल पुढे केला. दुकानात टांगलेल्या फोटोंसारखाच शेठचा एक फोटो तिने एका चित्रात बसवला होता. हात जोडलेले, चेहऱ्यावर कमालीची वेदना. वर लिहिलं होतं, ‘मूळव्याध? आता बसा बिनधास्त!’

“शेठ, हे आम्ही छापणार होतो. तुमचा चेहरा आहे म्हणून आधी विचारायला आलो. छापू?”

आता शेठ चिडतील, टेबलावर हात आपटतील आणि मग तिला ‘अप्पांनाही असाच राग आला’ हे सुनावता येईल, असा तिचा बेत होता. घरी आरशासमोर तिने ते वाक्य म्हणूनही पाहिलं होतं.

शेठनी चष्मा लावला. फोन हातात घेतला. चित्र मोठं करून बघितलं.

“फोटो बरा आलाय गं,” ते म्हणाले. “नाव खाली जरा मोठ्या अक्षरात घे. ‘भावी नगरसेवक’ टाकायला विसरू नको.”

नाजनीनचं तयार वाक्य जागच्या जागी विरघळलं. मडिवाळप्पांना एवढ्या संकटातही हसू आवरेना.

“पण अप्पांनी तुमचं मलम लावलेलंच नाही!” ती शेवटी म्हणाली. “एक तरी खरा समाधानी ग्राहक आहे का तुमच्याकडे?”

हे मात्र शेठना लागलं. “एक? अगं, शेकड्यांनी हायत! लकी ड्रॉच्या कूपनवर सगळ्यांचे नंबर घेतलेत मी. थांब, आज रात्रीच्या आत शंभर जणांचे अनुभव मागवून दाखवतो. मग बघ!”

ते दोघं परत आले, फ्लेक्स तिथेच राहिला. नाजनीन घरात शिरते तोच तिची दादी कमरबी कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत बसलेली.

“अगे, हे बघ की. माझा फोन येडा झालाय. मला कुटं तरी घातलंय त्यांनी.”

नाजनीनने बघितलं. कमरबीला एका नव्या ग्रुपमध्ये जोडलेलं होतं. नाव: ‘खाजकाळ सुखी परिवार’. पहिला निरोप महेश्वरशेठचा: ‘आपण सर्व आमचे ग्राहक. मलमाने आलेला अनुभव बिनधास्त लिहा. लाजू नका.’

“दादी, तू खाजकाळ कधी घेतलंस?”

कमरबीने पदर सारखा केला. “पायाला जरा... पावसाळ्यात. तुला सगळं सांगायलाच पायजे का गं? कूपन भरा, मिक्सर मिळंल म्हणाला. मिक्सर तर आला नाय.”

नाजनीन ग्रुपातली माणसं खाली खाली बघत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले. कुणाचं नाव दिसत होतं, कुणाचा नुसता नंबर आणि फोटो. पण गल्ली छोटी, फोटो ओळखीचे. शाळेचे पीटीचे सर होते, रांगेत हलायचं नाही म्हणून ओरडणारे. वाढदिवसाच्या मंडळाचे अध्यक्ष होते, सोमवारी फ्लेक्सखाली उभं राहून सर्वांत मोठ्याने हसलेले. आणि नव्या साडीतल्या प्रसन्न फोटोसह विजयमालाबाई होत्या.

“दादी!” नाजनीन किंचाळली. “सगळं सोलापूर खाजवतंय!”

ग्रुपमध्ये कुणीच काही लिहीत नव्हतं. शंभर अनुभव मागितले होते, एक आला नाही. प्रत्येक जण आत येऊन आजूबाजूला बघत होता आणि आपल्याला कोण कोण बघतंय ते मोजत होता. अशा वेळी बोटं चालत नाहीत.

नाजनीनची मात्र चालली. तिने ग्रुपमधल्या यादीचा फोटो काढला. गल्लीच्या ग्रुपवर टाकायला एक बटण पुरलं असतं. मडिवाळप्पा या यादीत नाहीत, म्हणजे ते ग्राहक नाहीत, झालं सिद्ध. वर विजयमालाबाईंना ‘तुम्ही समजून घ्या’ असं म्हणायची सोयही झाली असती.

“फुफू, टाकू?”

यास्मीनफुफूने फोन बघितला आणि खो खो हसली. इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, “टाक. फक्त एवढं सांग, महेश्वरशेठने काय चूक केली?”

“न विचारता अप्पांना चौकात टांगलं.”

“आणि आता तू कितीजणांना टांगणार?”

“पण त्यांना खरंच खाज आहे!”

“असेल. पण ती चौकाची नाही, त्यांची आहे. लकी ड्रॉसाठी नंबर दिला तो लकी ड्रॉपुरता. शेठने तो दुसरीकडे वापरला ही त्याची चूक. तू तेच पुढे ढकललंस, तर शेठला पाठवायची नोटीस मला दोन प्रतींत काढावी लागेल. दुसरी तुला.”

“आणि त्यात मी बी हाय की,” कमरबी म्हणाली. “माझा पाय गल्लीत फिरवणार का?”

नाजनीनने तोंड फुगवलं. यादीचा फोटो खोडून टाकला. थोडा वेळ ती खिडकीत बसली. तिकडे मडिवाळप्पांच्या घरातून उखळाचा आवाज येत नव्हता. एरवी या दिवसांत त्या आवाजाने भिंत थरथरायची.

मग ती एकदम उठली. “फुफू, बाहेर काही न्यायचं नाही. पण जे आत आहेत त्यांना तर सगळं दिसतंच आहे ना? आतल्यांशी आत बोललं तर?”

फुफूच्या भुवया वर गेल्या. वकिलाच्या भुवया सहसा जात नाहीत. “फोन दादीचा आहे,” ती म्हणाली. “तिला विचार.”

कमरबी तयार झाली. एवढंच नव्हे, सांगायलाही तीच बसली आणि नाजनीनने लिहून घेतलं:

‘सलाम, नमस्कार. मी कमरबी. अनुभव मागितला म्हणून लिहिते. पायाला खाज होती. मलम लावलं. गेली नाही. नंतर मोहरीच्या तेलाने बरं वाटलं. आता दुसरं. चौकात ज्यांचा फोटो लावलाय ते मडिवाळप्पा या ग्रुपमध्ये नाहीत, कारण त्यांनी मलम कधी घेतलंच नाही. त्यांना खाज नाही. खाज आपल्याला आहे. इथे कोण कोण आहे ते आपण सगळे बघत आहोत. मी बाहेर कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. फक्त आपल्या खाजेपायी त्यांची जत्रा बुडू देऊ नका.’

“‘खाज आपल्याला आहे’ हे राहू दे का?” नाजनीनने विचारलं.

“राहू दे. खोटं काय हाय त्यात?”

निरोप गेला. निळ्या खुणा उमटल्या. सगळ्यांनी वाचलं. थोड्या वेळाने कमरबी म्हणाली, “अगे, माणसं कमी झाली बघ.” खरंच, ग्रुप गळक्या माठासारखा रिकामा होत होता. जे बाहेर पडले ते गप्प बसले नसावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी महेश्वरशेठचा फोन सतत ‘व्यस्त’ लागत होता. दुपारी शेठ स्वतःच यास्मीनफुफूच्या दारात.

“मॅडम, लोक लई शिव्या घालालेत हो! आमचा नंबर सगळ्यांना का दाखवलास म्हणतात. मी तर परिवार म्हणून जोडलं. पीटीचे सर म्हणाले, भेट, तुला दंड-बैठका काढायला लावतो. आणि ही सगळी मतं हायत हो माझी!”

“बसा,” फुफू म्हणाली. नोटीस तिने लिहून ठेवलीच होती, ती वाचून दाखवली. सावकाश, एकेक शब्द, वर्गात वाचतात तशी. शेठ घाम पुसत ऐकत राहिले.

“हे धाडू नका. काय करू ते सांगा.”

“फ्लेक्स आज उतरवा. ग्रुप बंद करा, कूपनवरचे नंबर पुन्हा कशालाही वापरू नका. आणि त्याच चौकात, त्याच मापाचा दुसरा फ्लेक्स लावा की चूक झाली.”

“त्याच मापाचा?” शेठ क्षणभर कळवळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “मॅडम, त्या माफीच्या फ्लेक्सवर माझा फोटो टाकला तर चालेल का?”

“तुमचा चेहरा तुमचा,” फुफू गंभीरपणे म्हणाली.

गुरुवारी चौकात नवा फ्लेक्स लागला. महेश्वरशेठ खांबाएवढे, हात जोडलेले. ‘जाहीर माफी! आमच्या जाहिरातीतील श्री. मडिवाळप्पा यांनी आमचे मलम कधीही वापरलेले नाही. त्यांना कोणतीही खाज नाही. झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व.’ आणि खालच्या कडेला, सवयीने, पोस्टाच्या तिकिटासारखे चौदा चेहरे: ‘शुभेच्छुक, महेश्वरशेठ मित्रपरिवार’. गुफरानने या वेळी चौदाही जणांना फोन करून विचारलं होतं. नाही कुणीच म्हटलं नाही.

त्याच सकाळी पीटीचे सर मडिवाळप्पांच्या दुकानात आले. इकडेतिकडे न बघता दोन किलो चटणी घेतली आणि शिट्टी वाजल्यासारखे निघून गेले. मागोमाग मंडळाचे अध्यक्ष आले. मग एक अनोळखी बाई, एक रिक्षावाला, बँकेतले एक साहेब. गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत नव्हतं. सगळे चटणीकडेच बघत होते. दुपारी विजयमालाबाई पायरी चढून थेट आत आल्या.

“पुण्याचे पाहुणे ऐकतच नाहीत हो,” त्या म्हणाल्या. आज आवाज मात्र समोरच्या पानवाल्यापर्यंत जाईना. “दुप्पट द्या.”

“त्वचेचं बरं हाय का आता पाहुण्यांचं?” जगदेवीने अगदी भोळेपणाने विचारलं.

विजयमालाबाईंचा हात मनगटाकडे निघाला होता, तो त्यांनी वाटेतच थांबवून पर्सकडे नेला. “बरं आहे,” त्या म्हणाल्या.

उखळ त्या रात्री थांबलं नाही. जत्रेला मांडलेली सगळी चटणी संपली, पोत्यांतले सगळे दाणेही संपले, आणि शेवटच्या दिवशी मडिवाळप्पांना कच्चे दाणे विकत आणून भाजावे लागले.

जत्रा उठल्यावर ते चटणीचा पुडा घेऊन नाजनीनकडे आले.

“एक सांग मला पोरी. आधी फ्लेक्स लागला तर एक बी गिऱ्हाईक येईना. मग एकदम लोंढा. चेहरेही असे की देवाला नवस फेडायला आल्यागत. हे कसं झालं? तुला ठाऊक हाय. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

नाजनीनच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. पीटीचे सर, अध्यक्ष, विजयमालाबाई. एवढी मोठी गंमत तिने आयुष्यात केली नव्हती आणि ती ऐकायला अप्पांइतका चांगला माणूस दुसरा नव्हता. आतून कमरबी खोकली.

“नाही सांगता येणार, अप्पा,” ती कशीबशी म्हणाली. “ती ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे.”

मडिवाळप्पांनी मान डोलावली. मग त्यांचं त्यांनीच उत्तर शोधलं.

“मला कळलं,” ते म्हणाले. “ते महेश्वरशेठचं काम. माफीचा फ्लेक्स लावला आणि धंदा वाढला. माणूस वाईट न्हाय बघ. यंदा मत त्यालाच देतो मी.”

नाजनीनने चटणीचा बकाणा भरला, म्हणजे तोंड उघडायला नको.